आठशे सीसीच्या प्रमिला मॅडम

प्रमिला मॅडम स्वतःहून माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा त्यांनी माझे वजन विचारले. अकरावीचा वर्ग नुकताच सुटला होता. मी सायकलचे कुलूप काढत होते. सौसरच्या आमच्या शाळेत ज्यांच्या पावलांच्या आवाजाने मुले सरळ बसत, त्या भौतिकीच्या मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या आणि किराणा दुकानात डाळीचा भाव विचारावा तितक्या सहजपणे म्हणाल्या, "अस्मिता, तुह्यं वजन किती आहे वं?"

मी सांगितले. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी बेरीज केली.

"चालते. रविवारी सकाळी मोकळी असशीन तर आईले विचारून ये. घाटात जायचं आहे."

सौसरहून रामाकोना ओलांडून छिंदवाड्याकडे निघाले की सिल्लेवानीचा घाट लागतो. तो घाट ही मॅडमची प्रयोगशाळा होती. आपल्या जुन्या, आठशे सीसीच्या पांढऱ्या गाडीच्या इंजिनात त्या स्वतःच्या हाताने काही बदल करीत आणि त्या बदलाने गाडी चढाला खरोखर हलकी झाली की तसा केवळ भास होतो आहे, हे घाटात तपासून पाहत. त्यासाठी प्रत्येक खेपेला गाडीवरचे ओझे सारखेच असणे आवश्यक होते. माझ्याआधी त्या शेजारच्या आसनावर संत्र्यांच्या पेट्या ठेवीत. पण संत्री सुकतात. "माणूस इतक्या लवकर सुकत नाही," असे त्या म्हणाल्या आणि माझी निवड झाली. दिवाळीनंतर मी जरा जाड झाले तेव्हा त्यांनी वजन जुळवायला मागच्या आसनावर ठेवलेल्या पेटीतून काही संत्री काढून माझ्या हातात ठेवली. "हा तुह्या आईचा फराळ. घरी नेऊन दे."

आज मी पुण्याजवळच्या एका चाचणी केंद्रात इंजिनांवर काम करते. आमच्याकडे गाड्यांच्या आसनांवर वाळूच्या पिशव्या पट्ट्यांनी बांधतात. त्या पिशव्या दिसल्या की मला मॅडम आठवतात. त्यांच्या गाडीत मी हेच काम करीत होते. फरक इतकाच की मी बोलत असे, आणि ते त्यांनी चालवून घेतले.

मॅडम तेव्हा पन्नाशीच्या आसपास होत्या. लग्न केलेले नव्हते. उंच, सडपातळ, सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गाडीत बसताना साडीच्या निऱ्या गुडघ्यापाशी गोळा करून त्यांना कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावीत, म्हणजे क्लच आणि ब्रेक यांच्यामध्ये पदार्थविज्ञानाखेरीज दुसरे काही येऊ नये. उजव्या हाताच्या बोटांवर खडू असे आणि त्याच बोटांच्या नखांत काळे तेल. बेसन आणि रॉकेल यांनी त्या हात धूत, तरी दोन्ही पूर्ण कधी जात नसे. गाव सीमेपलीकडचे, शाळा हिंदी माध्यमाची; म्हणून वर्गात त्या हिंदीतून शिकवीत: संपीडन, प्रज्वलन, ऊष्मा. गाडीशी मात्र मराठीतच बोलत, तेही आमच्याकडच्या. "काऊन वं, आज काय झालं तुले? काल तं चांगली चालून राहिली होती." स्टाफरूममध्ये त्या फारसे बोलत नसत. एका वाक्यात सांगायचे तर त्यांचे म्हणणे असे होते: माणसे अभिप्राय देतात, गाडी उत्तर देते.

गाडीत रेडिओ नव्हता. म्हणजे आधी होता, पण त्यांनी काढून टाकला होता. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "गाडीत गाणं लावणारा माणूस इंजिनशी अबोला धरून बसलेला असते."

बाहेरून त्या गाडीत आणि बँकेतल्या एखाद्या बाबूच्या गाडीत काही फरक दिसत नसे. सगळा फरक झाकणाखाली होता. इंजिनाला श्वास मोकळा मिळावा म्हणून त्यांनी आत जाणारी वाट घासून रुंद केली होती. धूर लवकर बाहेर पडावा म्हणून मागची नळी बदलली होती. इंजिनाच्या डोक्याचा, म्हणजे हेडचा, एक पातळ थर नागपूरच्या लेथवर काढून आणला होता, जेणेकरून आतले पेट्रोल-हवेचे मिश्रण अधिक दाबले जावे. यातले काहीही नवीन नाही. जगभर हौशी लोक हे करतात आणि निम्म्याहून अधिक जण इंजिन बिघडवून बसतात. मॅडमचे वेगळेपण कृतीत नव्हते, पद्धतीत होते. एका वेळी एकच बदल. मग घाट. मग पुढचा रविवार. एखाद्या बदलाने गाडी सुधारली नाही तर त्या तो मागे घेत, आणि मागे घेताना चेहऱ्यावर खंत नसे. उलट एक शक्यता कायमची निकालात निघाल्याचे समाधान असे.

मिश्रण आत जाण्याची वाट त्यांनी एकदा इतकी घासली की तिच्यात तोंड दिसावे. लाटण्याला पॉलिशपेपर गुंडाळून कितीतरी संध्याकाळी त्या तेच करीत बसल्या होत्या. गाडी सकाळी थंडीत सुरूच होईना. आठवडाभर विचार केल्यावर त्यांच्या लक्षात आले की भिंत फार गुळगुळीत झाली की पेट्रोलचे थेंब हवेत मिसळण्याऐवजी भिंतीला धरून बसतात. मग त्यांनी तीच भिंत पुन्हा किंचित खरबरीत केली. मला म्हणाल्या, "थोडा खरबरीतपणा लागते, अस्मिता. नाई तं काहीच मिसळत नाही." मी मान डोलावली. त्या इंजिनाविषयीच बोलत होत्या, याविषयी मला आजही शंका नाही.

सौसरमधल्या गॅरेजवाल्यांनी त्यांना कधी हत्यारांना हात लावू दिला नाही. म्हणून त्या पांढुर्ण्याला जात. तिथे रशीदभाईंचे गॅरेज होते, जाम नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. रशीदभाईंनीही पहिल्या दिवशी त्यांना स्टूल दिले होते. "मॅडमजी, तुमी पोराइले पढवा, खोलाचं काम आमाले राहू द्या. तुमी बसा आरामानं, चहा बोलावतो."

"रशीदभाई, तुमी स्टुलावर बसा," मॅडम म्हणाल्या. "मी खोलतो. कुठं चुकलं तं सांगा."

त्यांनी चूक केली आणि रशीदभाईंनी सांगितली. तिथून त्या दोघांचे जमले. नदीपलीकडे सावरगाव आणि अलीकडे पांढुर्णा, त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावे एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीला त्या रस्त्यावर दगडांचा भरवसा नसे. त्या आठवड्यात रशीदभाई मॅडमची गाडी ठेवून घेत नसत. "दुसऱ्याची काच फुटली तं मी भरून देतो. तुमच्या गाडीले काही झालं तं मी तुमाले तोंड कसं दाखवू?"

मॅडमची एक फजिती मात्र आमच्याच भागात होऊ शकते अशी होती. इंजिनाला हवा भरपूर मिळावी म्हणून मॅडमनी मूळचा बंद डबा काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला. पावसाळाभर गाडी उत्तम चालली. मॅडम चक्क खुशीत होत्या. मला त्यांनी घाटाच्या वरच्या टपरीवर भजी खाऊ घातली. पुढे कापूस निघाला. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, जिनिंगच्या भिंतींवर, कुंपणांवर, बाभळींच्या काट्यांवर रुईचे पांढरे झुबके. एका रविवारी घाट चढताना गाडी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकू लागली आणि मध्येच थांबली. कशीबशी परत आणून पांढुर्ण्याला नेली. रशीदभाईंनी झाकण उघडले. त्या फिल्टरवर बोटभर जाडीचा कापूस बसला होता.

"मॅडमजी," ते म्हणाले, "गाडीले थंडी वाजून राहिली होती का? रजई शिवून राहिल्या?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तो कापूस अलगद सोलून हातात घेतला, उजेडात धरला, बोटांनी ओढून पाहिला. "लांब धाग्याचा आहे," एवढेच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी जुन्या परकराचे कापड कापून फिल्टरला नाडीची खोळ शिवली. कापसाच्या दिवसांत ती चढवायची, रोज झटकायची. ही बातमी माझ्या आईपर्यंत पोचली तेव्हा तिने पोळी तव्यावर तशीच सोडली.

"गाडीले परकर नेसवला? बाप्पा! नवरा करायच्या वयात नवरा नाही केला, आता गाडीले सून करून आणली."

आई हे हसत म्हणाली होती. गावात इतर लोक हेच न हसता म्हणत.

मॅडमचे वडील रामाकोन्याला शेती करीत. संत्र्याची बाग आणि थोडा कापूस. ते गेल्यावर बाग भावाकडे आली आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळायचे आणि बैलाच्या कानाशी जाऊन त्याला दुसऱ्या दिवसाचे निमंत्रण द्यायचे. हे काम घरातले पुरुष करतात. आमच्या घरी बैलही नव्हते आणि पूजाही नव्हती. आम्ही बौद्ध, वडील तहसीलमध्ये नोकरीला. त्यामुळे त्या संध्याकाळी मी वही घेऊन मॅडमकडे निघाले तेव्हा कोणता दिवस आहे याचे मला भान नव्हते.

गाडीचे झाकण उघडे होते. मॅडमच्या हातात वाटी होती. इंजिन ज्या लोखंडी पायांवर टेकलेले असते तिथे त्या बोटाने हळद-तूप लावीत होत्या.

"हे तिचे खांदे," मला पाहून त्या म्हणाल्या, जणू आकृतीतला भाग दाखवावा तशा. "सारा भार इथं येते. रबराले लागू द्यायचं नाही, तुपानं रबर फुगते. फक्त लोखंडाले."

पहिल्या वर्षी त्यांनी गाडी चालवून आल्या आल्या हे केले होते. तूप तापलेल्या नळीवर पडले, धूर उठला आणि शेजारच्यांनी भिंतीवरून पाण्याची बादली ओतली. तेव्हापासून त्या इंजिन थंड होण्याची वाट पाहत. चोळून झाल्यावर त्या खाली वाकल्या आणि अगदी हलक्या आवाजात, बैलाला म्हणतात तेच म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली नाही. पुरणाचा वास गल्लीत येत होता. माझ्या माहितीत त्या घरातून कोणाला जेवायचे आवतण गेले असेल तर ते एवढेच.

मी शिकायला नागपूरला गेले, तिथून पुण्याला. सुट्टीत आले की रविवारी घाटात जाणे ठरलेले असे. माझे बदललेले वजन त्या आधी विचारून घेत. मधल्या काळात नागपूरचा एक मुलगा मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढायला आला. त्याने विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले? मॅडमनी हेडविषयी सांगायला सुरुवात केली. त्याने पुन्हा विचारले, पण शिकवले कोणी, वडिलांनी? भावाने? तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी झाकण लावले आणि त्याला चहा दिला. व्हिडिओ झाला नाही. आमच्या गाडीचा आवाज मोठा करून द्या म्हणणारी पोरेही येत. त्यांना त्या दारातूनच परत पाठवीत. "आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद. तुमाले वाया घालवायची आहे तं माह्याकडं काऊन आले?"

मग गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली.

जुन्या गाडीची नोंदणी नव्याने करायची तर ती परिवहन कार्यालयात नेऊन दाखवावी लागते. आधीच्या खेपेला दिवे आणि हॉर्न पाहून काम झाले होते. या खेपेला तपासणी काटेकोर होती. मॅडमसोबत रशीदभाई गेले होते. पुढचे सगळे मला त्यांनीच सांगितले. धुराच्या चाचणीत गाडी सहज उतरली. ब्रेक उत्तम. तपासणी करणारा अधिकारी तरुण होता, नम्र होता. सही करण्यापूर्वी त्याने सवयीने विचारले, मॅडम, इंजिनमध्ये काही कामबिम केले आहे का?

या प्रश्नाला जगातला प्रत्येक गाडीवाला नाही म्हणतो. प्रश्न विचारणाऱ्यालाही तेच अपेक्षित असते. पण मॅडमना आयुष्यात प्रथमच एका अधिकृत माणसाने त्यांच्या कामाविषयी विचारले होते. त्यांनी झाकण उघडले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला घेतले. आत जाणारी वाट, लाटणे, गुळगुळीत भिंतीची चूक, हेडचा काढलेला थर, त्याने वाढलेला दाब, त्यामुळे ठिणगीची वेळ किती मागे घ्यावी लागली ते. अधिकाऱ्याने मध्ये एकदाही थांबवले नाही. दोन प्रश्नही विचारले, आणि रशीदभाईंच्या मते ते चांगले प्रश्न होते. शेवटी तो म्हणाला, "मैडम, आपने बहुत अच्छा काम किया है। पर अब आपने बता दिया, तो मैं कैसे कहूँ कि मुझे नहीं मालूम?"

नियम स्पष्ट होता. कंपनीने मंजूर करून घेतलेले इंजिन परस्पर बदलता येत नाही. मूळचे भाग बसवून आणा, लगेच सही करतो, असे त्याने सांगितले.

"तिथं नाही म्हणा लागते ना, मॅडमजी!" परतीच्या वाटेवर रशीदभाई कळवळून म्हणाले. "येवढंच म्हणा लागत होतं!"

"त्यानं विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या.

रशीदभाईंनी भंगारातल्या एका गाडीचे मूळ हेड शोधून आणले. नळी मिळाली, डबाही मिळाला. हे बसवायचे, सही घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे आधीसारखे करायचे. सगळे असेच करतात. मॅडम ऐकेनात, तेव्हा रशीदभाईंनी मला त्यांना फोन करायला लावला. मला रशीदभाईंचे म्हणणे व्यवहार्य वाटले आणि मी ते मुद्देसूद मांडले. गाडी धूर कमी सोडते, ब्रेक पक्के आहेत, कोणाला धोका नाही. तेव्हा यात फसवणूक कसली?

"अस्मिता," पलीकडून त्या म्हणाल्या, "तू तिथं साहेबाले एक इंजिन दाखवतेस अन् रीडिंग दुसऱ्याचं देतेस का?"

"नाही, मॅडम."

"मी खोट्या रीडिंगवर पोराइले शून्य देत आलो. तुलेबी देलं असतं."

"मग खरोखरच मूळची करा आणि तशीच ठेवा. गाडी तरी राहील. रविवार तरी राहील."

पलीकडे त्यांच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, ती त्यांच्या घरातली नव्हती.

"मंग ते कोणाचीबी गाडी होईन," त्या म्हणाल्या. "कोणाचीबी गाडी मले चालवता येते वं. मले हे पाह्यजे होती."

गणित सरळ होते. बदल ठेवले तर गाडीला रस्ता नाही. रस्ता हवा तर बदल नाहीत. त्या दोन्हींच्या मधे मॅडमना एक घर, एक स्टोव्ह आणि निवृत्तीचे दिवस एवढेच उरत होते.

मुदतीच्या आत त्यांनी गाडी रामाकोन्याला भावाच्या बागेत नेऊन ठेवली. रशीदभाईंना वाटले होते, निदान शेवटचा एक घाट होईल. ते मागे बसायला तयार होऊन आले होते. पण मॅडम बागेच्या फाटकाशी वळल्या आणि घाटाकडे त्यांनी मान फिरवली नाही. नवे काही तपासायचे राहिलेले नाही, असे म्हणाल्या. घरी परतल्या त्या बसने. निवृत्तीनंतर त्या आठवड्यातून एक-दोनदा बसने रामाकोन्याला जातात, असे आई सांगायची. भाऊ-भावजय चहाला बोलावतात. त्या चहा गाडीपाशी मागवून घेतात.

मागच्या हिवाळ्यात मी कार्यालयाच्या कामासाठी छिंदवाड्याला निघाले होते. भाड्याची गाडी होती, चालक नागपूरचा. रामाकोना मागे पडल्यावर मॅडमच्या भावाच्या बागेपाशी मी त्याला थांबायला सांगितले. मॅडम बागेत असतील तर पाच मिनिटे भेटावे, असा विचार होता. ऊन उतरले होते. संत्र्याचा आंबिया बहर फळांनी भरलेला, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. झाडांच्या ओळींमधून बैलगाडीची जुनी चाकोरी विहिरीपासून फाटकापर्यंत येते. मी उतरले तेव्हा त्या चाकोरीवरून पांढरी गाडी येत होती.

ती पहिल्या गिअरमध्ये होती. दुसरा टाकण्याइतकी ती वाटच लांब नाही. टेकूंना धक्का लागू नये म्हणून मॅडम दोन्ही बाजूंना पाहत अगदी सावकाश चालवीत होत्या. गाडीत त्या एकट्या होत्या; शेजारच्या आसनावर काहीही नव्हते, पेटीसुद्धा नाही. माझ्याकडे त्यांचे लक्ष गेले नाही. मी हाक मारणार होते. पण गाडी फाटकाशी येऊन थांबली आणि मी तोंड मिटले.

फाटक उघडे होते. पुढची चाके मातीत होती, आणि तिथून हातभर अंतरावर डांबर सुरू होत होते. मॅडमनी इंजिन बंद केले नाही. ते इतके स्थिर आणि इतक्या हळू आवाजात चालत होते की माझ्या चालकाला ते चालू आहे हेच कळले नाही. "मॅडम, त्यांची गाडी बंद पडली का? धक्का देऊ का?" त्याने विचारले. मी मानेनेच नको म्हटले. घाटाकडे जाणारे ट्रक एकामागून एक समोरून गेले, कापूस भरलेले, भार न झेपल्याने काळा धूर सोडणारे. मॅडम स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून प्रत्येकाचा चढ लागेपर्यंतचा आवाज ऐकत होत्या. शेवटचा ट्रक वळणाआड गेला. रस्ता रिकामा झाला.

मग त्यांनी एक हात शेजारच्या आसनाच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली, आणि गाडी तशीच, एकही फांदी न हलवता, उलटी विहिरीपर्यंत नेली.